दहा गावं नकोत, सहा पुरेत: पहिल्या दौऱ्याला निघालेल्या गायिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी 23 वर्षांची, नाशिकची. माझी तीन गाणी ऑनलाइन आहेत, त्यातलं एक बरंच चाललं. दिवाळीनंतर लगेच उत्तर महाराष्ट्रात दहा-बारा गावांचा दौरा काढायचा आहे. एका मोठ्या मैदानी कार्यक्रमाची विचारणाही आली आहे. सुरुवात कुठून करू? वादक घेऊ की ट्रॅकवर गाऊ? पैसे सुटतील का? आणि आई म्हणते, प्रत्येक गावी मी सोबत येणार."

तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, म्हणून अगंतुगं करतो. मी वीसेक वर्षं नाशकात साउंडचं काम केलं, पुढे गायकांचे दौरे लावायला लागलो. पॉप गाणारे, ऑर्केस्ट्रावाले, अहिराणी गाणी करणारे, सगळ्यांबरोबर फिरलो. पहिल्याच दौऱ्यात आवाज गमावलेली मुलगी मी जवळून पाहिली आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते मैदान. विचारणा आली याचा आनंद आहे, पण पहिल्या दौऱ्यात ते घेऊ नकोस. 2011 च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी असाच कार्यक्रम होता. आयोजकाने मागे भली मोठी एलईडी स्क्रीन लावली, सगळा खर्च तिच्यावर आणि फ्लेक्सवर. स्टेजवर गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून जो मॉनिटर लागतो, तो एकच, तोही फाटक्या आवाजाचा. समोर तीनेक हजार माणसं, त्यातली बरीच टीव्हीवरच्या एका पाहुण्याला बघायला आलेली. मुलगी गुणी होती. पण स्वतःचं गाणं कानावर येईना म्हणून ती दुसऱ्या गाण्यापासून ओरडून गायला लागली. त्या रात्री टाळ्या पडल्या. दुसऱ्या गावी तिने वरचे सूर कसेबसे काढले. तिसऱ्या गावी ग्रीनरूममध्ये ती माझ्याशी बोलायला गेली तर नुसती हवा बाहेर आली. पुढचे चार कार्यक्रम रद्द झाले, आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर गप्प बसवलं. साउंडचा माणूस मी होतो. आणखी दोन मॉनिटर मिळाल्याशिवाय कार्यक्रम सुरू करणार नाही, असं मी अडून बसायला हवं होतं. बसलो नाही, ते आजही लागून राहिलं आहे.

आता गावं. सहा, आणि तीन आठवड्यांच्या शनिवार-रविवारी. पहिला कार्यक्रम नाशकातच, पण छोट्या जागी. गंगापूर रोडवर कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह किंवा पंचवटीत इंद्रकुंडावरचं पलुस्कर सभागृह, असलं काही. कालिदास कलामंदिरचं स्वप्न ठेव, पण ते शेवटच्या कार्यक्रमासाठी, आणि तेही आधीचे चार चांगले गेले तरच. दुसऱ्या दिवशी संगमनेर. पुणे रस्त्याने 70 किलोमीटर, रात्री घरी परत. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी धुळे, रविवारी जळगाव. धुळे आग्रा रोडने दीडशे किलोमीटरच्या पुढे, तिथून जळगाव आणखी नव्वदेक. सोमवार पूर्ण परतीचा धर, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस. तिसऱ्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगर आणि मग नाशिक. या आखणीत कुठेही कार्यक्रम संपवून रात्रभर प्रवास करून दुसऱ्या रात्री गायचं येत नाही. घशाला रात्रीची झोप लागतेच, त्याला पर्याय नाही.

ही गावं मी सांगतो म्हणून धरू नकोस. तुझ्या यूट्यूब स्टुडिओत आणि इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी दिसते, ती आज उघडून बघ. लाखो व्ह्यूज राज्यभर विखुरलेले असतात आणि खुर्च्या एकाच गावात भरायच्या असतात. यादीत धुळ्याच्या वर मालेगाव किंवा भुसावळ आलं तर दौरा तिकडे वळव. मुंबई-पुणे सगळ्यांच्याच यादीत वर असतात, त्यांना यंदा हात लावू नकोस.

हे दौऱ्याचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी ठरवतात. फडमालक तारीख घेताना आधी आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचं गाव कुठलं, हे बघतो, कारण सगळा बारदाना ट्रकमधून हलवायचा असतो. परदेशातही मोठी नावं लहान जागांतूनच वर आली. ब्रिटनी स्पिअर्स 1998 मध्ये पहिलं गाणं बाजारात यायच्या आधी अमेरिकेतल्या मॉलमध्ये दोन नर्तकी घेऊन गात फिरत होती. खरेदीला आलेली माणसं थांबतात की पुढे जातात, हे तिला रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. त्याच्याही आधी, 1987 मध्ये, टिफनी नावाची शाळकरी गायिका अशीच मॉलमॉल फिरली आणि त्याच वर्षी तिचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तुझा दौरा त्याच जातीचा आहे. कुठल्या ओळीला माणसं मोबाइल खाली ठेवतात आणि कुठल्या ओळीला वर काढतात, हे व्ह्यूज सांगत नाहीत. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये ते पहिल्याच रात्री दिसतं.

तारखांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नवे लोक इथेच फसतात. दिवाळीनंतर लगेच नको. त्या दिवसांत कॉलेजं बंद असतात, पोरं आपापल्या गावी गेलेली. मग तुळशीचं लग्न लागतं आणि लग्नसराई सुरू होते. चांगल्या साउंडवाल्याच्या गाड्या हळदी आणि रिसेप्शनला जातात, भाडं चढतं आणि तुझ्या वाट्याला उरलेला, तारा तुटलेला माल येतो. डिसेंबरच्या मध्यावर धनुर्मास लागला की संक्रांतीपर्यंत लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात. साउंडवाला मोकळा, वादक मोकळे, गाडीवाला मोकळा. कॉलेजची स्नेहसंमेलनंही याच दिवसांत, त्यामुळे पोरं गावात असतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तेवढा सोड, थर्टी फर्स्टमुळे भाव पुन्हा चढतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते, त्यामुळे संक्रांतीनंतर फार लांबवू नकोस.

या दिवसांत थंडी मात्र असते. निफाडचा पारा किती खाली जातो, हे तुला सांगायला नको. उघड्यावर गायला उभी राहिलीस तर पहिल्या दोन गाण्यांत आवाज गरमच होत नाही, गिटारचा सूर हलतो आणि ढोलकीवाला दर गाण्यानंतर ठोकत बसतो. हे बंद हॉल घेण्याचं आणखी एक कारण. तिसरं कारण कायद्याचं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले ठराविक दिवस, जास्तीत जास्त 15, बारापर्यंत सूट देतं, पण ते सणावारांना जातात. मैदानावर पाहुण्यांची भाषणं लांबली की तुझी वेळ तिथेच कापली जाते. पावणेदहाला माइक हातात आलेल्या गायिका मी पाहिल्या आहेत. बंद सभागृहाला हा दहाचा नियम लागत नाही, पण हॉलचं सत्र संपतं, ते बुकिंगच्या पावतीवर वाचून घे.

वादक की ट्रॅक? दोन्ही. तीन माणसं घे: कीबोर्ड, गिटार आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवणारा, ज्याला ढोलकीही येते. बाकीचं, म्हणजे कोरस, स्ट्रिंग्ज, तुझ्या त्या गाण्यातला सिंथ, ट्रॅकवर. लॅपटॉपमधून एका बाजूला क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, ती फक्त ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात, आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक. सगळ्याची प्रत दुसऱ्या मोबाइलमध्ये, फ्लाइट मोडवर. ट्रॅकमध्ये तुझा मुख्य आवाज ठेवू नकोस, अगदी आधाराला म्हणूनही नको. लोकांना ते पटकन कळतं आणि पुढच्या वेळी ते येत नाहीत.

पट्टी हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. स्टुडिओत तू काळी पाचमध्ये गायलीस असं समज. तिथे मधे पाणी पिऊन, एकेक ओळ जोडून ते झालेलं असतं. दौऱ्यात तेच गाणं नव्वद मिनिटांच्या शेवटी, दमलेल्या गळ्याने, सहा वेळा गायचं आहे. पांढरी सहात, म्हणजे अर्धा सूर खाली उतरव, जड वाटलं तर थेट काळी चारात. ऐकणाऱ्याला अर्ध्या सुराचा फरक कळत नाही. तुझ्या गळ्याला कळतो. फक्त हे तालमीच्या पहिल्या दिवशी ठरव, कारण ट्रॅकही त्या पट्टीत पुन्हा काढून घ्यावे लागतात.

तीन गाण्यांवर नव्वद मिनिटं होत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. दुसऱ्यांची गाणी गाशील तर त्यांच्या शब्द-संगीताच्या सार्वजनिक सादरीकरणासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. तो आयोजकाने काढायचा असतो. सहा कार्यक्रमांची आयोजक तूच असशील तर तू. स्वतःच्या गाण्यांसाठी त्याच संस्थेत गीतकार-संगीतकार म्हणून नाव नोंदव. गाणी तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणी लिहिली किंवा बांधली असतील तर त्याच्याशी एक पानाचा करार आत्ताच कर, दौरा सुरू व्हायच्या आधी. गाणं गाजल्यावर मैत्रीत कागद मागणं फार अवघड जातं.

आता स्टेजवर चल, कारण खरं काम तिथे आहे. साउंड चेकला तू स्वतः, कार्यक्रमाच्या चार तास आधी. जाताना ऑक्टोपॅडवाल्याच्या पिशवीत एक मल्टिमीटर असू दे. स्टेजवरच्या सगळ्या प्लगांना एकाच फेजची लाइन आहे का, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामध्ये किती व्होल्ट दिसतात, ते बघायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा गेला तर इलेक्ट्रिशियनला बोलाव आणि तोवर माइकला हात लावू नकोस. गिटारचा ॲम्प एका लाइनवर आणि मिक्सर दुसऱ्या लाइनवर असला, अर्थिंग नीट नसलं, तर गिटार वाजवत गाणाऱ्याच्या ओठाला माइकच्या जाळीचा झटका बसतो. जनरेटरवर चालणाऱ्या जागी हे हमखास तपासायचं. मी हा झटका खाल्लेला आहे, आणि यात माणसं दगावतातही.

मग माइक. बहुतेक ठिकाणी तुला शुअर एसएम 58 किंवा त्याची नक्कल मिळेल. हा माइक समोरून आवाज घेतो आणि बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी. म्हणून मॉनिटर नेमका माइकच्या शेपटीसमोर, तुझ्या पायांपुढे मधोमध असायला हवा. साउंडवाले सोयीसाठी तो कोपऱ्यात सरकवतात, तो मधे आणून घे. आणि तू व्हिडिओत माइकची जाळी मुठीत धरतेस, ती सवय मोड. जाळी झाकली की माइकची पाठच उरत नाही, तो चहूबाजूंनी आवाज घ्यायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टी आली की साउंडवाला तुझा आवाज खाली करतो, मग तू ओरडतेस, आणि मघाशी सांगितलेल्या मुलीची गोष्ट पुन्हा सुरू होते. जाळीच्या खाली दोन बोटं सोडून धर, ओठापासून दोन-तीन बोटांवर ठेव.

मॉनिटरमध्ये आधी फक्त तुझा आवाज माग. तो स्वच्छ आला की थोडा कीबोर्ड, सुरासाठी. बाकी काही नको, ढोलकी तशीच ऐकू येते. हॉल रिकामा असताना आवाज घुमतो, म्हणून साउंडवाल्याला घाईने रीव्हर्ब कमी-जास्त करू देऊ नकोस. माणसं भरली की निम्मा घुमार तीच पितात. लांबट हॉलमध्ये मधे जास्तीचे स्पीकर लावले असतील तर त्यांना डिले दिला आहे का, विचार. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. स्टेजपासून 20 मीटरवरचा स्पीकर तो आवाज स्टेजच्या आधी पोचवतो, त्याला 58 मिलिसेकंदांच्या आसपास थांबवावं लागतं. नाहीतर मागच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि तुझ्या गाण्यात शब्दच तर मोठे आहेत.

आपल्या नाशकातल्या पोरांना हौस फार, म्हणून एक आधीच सांगतो. तुझ्या एंट्रीला ढोलपथक लावायची कल्पना कोणीतरी काढेलच. नाशिक ढोलवर माझंही प्रेम आहे, मिरवणुकीत मीही नाचलो आहे. पण बंद हॉलमध्ये दहा मिनिटं ढोल वाजले की ऐकणाऱ्यांचे कान काही वेळ बधिर होतात आणि तुझं पहिलं हळू गाणं त्यांना पोचतच नाही. पथक हवंच असेल तर ते शेवटी, बाहेर, आवारात.

गाण्यांचा क्रम एका वहीत लिही आणि रोज बदल. चाललेलं गाणं पहिलं घेऊ नकोस, अगदी शेवटचंही नको. शेवटून तिसरं घे. त्याच्यासाठी आलेली माणसं मग त्यानंतरची दोन गाणीही ऐकून जातात, आणि ती दोन तुझी नवी असू देत. मी एका मुलाबरोबर संगमनेरला होतो. हॉल अर्धाच भरलेला. त्याने नवीन गाणं सुरू केलं आणि दुसरा अंतरा विसरला. वादक वाजवत राहिले. तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या दोन मुलींनी तो अंतरा म्हटला. गाणं चार दिवसांपूर्वी आलेलं होतं. त्याने माइक त्यांच्याकडे फिरवला, पुढची ओळ तिघांनी मिळून म्हटली. परतताना सिन्नरच्या घाटापर्यंत तो गाडीत काही बोलला नाही, मग म्हणाला, "काका, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू." पुढच्या वर्षी तिथला हॉल तिकीट खिडकी न उघडता भरला.

खानदेशात बोलताना अहिराणी येत असेल तर जरूर बोल, येत नसेल तर पाठ करून दोन वाक्यं फेकू नकोस. धुळे-जळगावच्या लोकांकडे स्वतःची गाणी, स्वतःचे गायक आहेत, आणि त्यांचा कान तयार आहे. तिथल्याच एखाद्या अहिराणी गाणाऱ्याला दोन गाण्यांसाठी आधी बोलाव, त्याला मानधन दे आणि पोस्टरवर त्याचं नाव तुझ्याएवढ्या अक्षरांत घाल. त्याची माणसं येतील, त्यातली काही तुझी होतील.

पैसे. प्रत्येक हॉलचा हिशेब निम्म्या खुर्च्या भरल्या असं धरून कर. समज 250 खुर्च्या, तिकीट 200. निम्मे म्हणजे 25,000. भाडं, साउंड, वादक, गाडी, जेवण या 25,000 त बसत नसेल तर खर्च काप किंवा ते गाव सोड. भरलेल्या हॉलवर केलेला हिशेब मी अजून खरा ठरलेला पाहिला नाही. तिकीट 500 च्या आतच ठेव: संगीत कार्यक्रमाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, वर गेलं की 18 टक्के. कोणी सुपारी दिली तर निम्मी आगाऊ आणि उरलेली स्टेजवर चढायच्या आधी. "कार्यक्रम झाल्यावर बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, मग तो कितीही ओळखीचा असो. आणि तुझ्या वादकांचं मानधन मात्र त्याच रात्री, गाडीत बसायच्या आधी, पाकिटात. तुला उरो न उरो. नाशिक लहान आहे, ही गोष्ट आठवड्यात सगळ्यांना कळते, आणि पुढच्या दौऱ्याला चांगला वादक तुझ्याकडे येतो तो यामुळे.

घशाचं थोडक्यात. दौऱ्यात कुजबुजू नकोस, त्याने गळा जास्त ताणला जातो. बोलायचं तर साध्या आवाजात, नाहीतर गप्प. कार्यक्रमानंतर सेल्फीच्या गर्दीत तास-तास ओरडून बोलण्यात जेवढा आवाज जातो तेवढा गाण्यात जात नाही. वीस मिनिटं भेट, मग आत. दुखत असताना दुखणं मारायची गोळी घेऊन अजिबात गायचं नाही; दुखणं दबतं, इजा दबत नाही. आवाज बसला तर कार्यक्रम पुढे ढकल, तिकिटाचे पैसे परत कर. लोक समजून घेतात.

राहिली आई. येऊ दे, आनंदाने येऊ दे. सहा गावांत मुलीबरोबर घरचं माणूस असणं मला फार बरं वाटतं. फक्त तिला विंगेत बसवू नकोस, शेवटच्या रांगेत बसव. गाण्याचे शब्द मागपर्यंत कळतात की नाही, हे तिथूनच समजतं. पण आईला तुझी गाणी पाठ असणार, तिला न ऐकू आलेले शब्दही ऐकू येतील. म्हणून तिच्या शेजारी गाडीच्या ड्रायव्हरला बसव, त्याने तुझं एकही गाणं आधी ऐकलेलं नसताना, पहिल्याच कार्यक्रमाला. पहिलं गाणं संपलं की आईने त्याला विचारायचं, "काय म्हणत होती ती?" त्याला सांगता आलं तर आईने पदर खांद्यावरून पुढे घ्यायचा. नाही सांगता आलं तर उठून साउंडवाल्याकडे जायचं, आणि तू दुसरं गाणं सुरू करायच्या आधी पाणी पिण्याच्या निमित्ताने थोडं थांबायचं.